शेवटच्या गाडीचे पेशंट

माझ्या पहिल्या नोकरीचा कोट मामांनी शिवला. मी मोबाइलवर एका कोटाचा फोटो पाठवला होता. नायगावच्या फाट्यावरून आत बारा किलोमीटरवर मामांचं गाव. तिथं जन्मभर शाळेच्या चड्ड्या आणि बायकांची झंपरं शिवणाऱ्या माणसानं नुसत्या फोटोवरून काळा कोट शिवला. डावा खांदा जरा वर चढला होता. मामांनी तो चार वेळा उसवला आणि शेवटी म्हणाले, "माय, ह्याच्यापुढं माझा हात न्हाई जात. पण लांबून कळत न्हाई."

जवळून कळत होतं. लातूरच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या खांद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पगार झाला की एक तयार कोट घ्या. आपला धंदा दिसण्यावर आहे." ऑफिस म्हणजे बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात कायम फवारणीच्या औषधाचा उग्र वास. सर आधी कुठल्याशा कारखान्यात अधिकारी होते, तिथून बाहेर पडून सल्लागार झाले. नांदेडला एमबीए केलेली मी त्यांचं तिसरं माणूस.

सरांनी मला धंदा शिकवला, हे मान्य करायला हवं. "माहीत नाही" असं कधी म्हणायचं नाही, "तपासून सांगते" म्हणायचं. मालकाला काय करायचं आहे ते आधी त्याच्याच तोंडून काढून घ्यायचं आणि मग तेच त्याला छापून द्यायचं. आणि त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य असं, की जे लेखी नाही ते नाहीच. कुणी म्हणालं, "आमच्याकडं हे असंच चालतं," तर विचारायचं, कुठं लिहिलंय? लिहिलेलं नसेल तर खोडून टाकायचं. मला हे भारी पटलं. बावीस-तेवीसच्या वयात खोडायला मिळालं की माणूस स्वतःला शहाणा समजायला लागतो.

घरात मात्र माझं काम कुणाला कळत नव्हतं. आई विचारायची, "म्हणजे तू लोकायला सांगतेस काय नेमकं?" मी चिडायचे. मामांना तेवढंही कळत नव्हतं, पण त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं की आपली भाची मोठमोठ्या डॉक्टरांना अक्कल शिकवते.

डॉक्टर मला मिळाले ते दुसऱ्या वर्षी. नांदेडला दवाखान्यांची जी गल्ली आहे, तिथं एका पोटाच्या डॉक्टरांनी नवी तीनमजली इमारत बांधली होती. डॉक्टरांचं नाव आसपासच्या सगळ्या तालुक्यांत होतं. देगलूर, मुखेड, बिलोली, किनवट, कुठून कुठून लोक यायचे. इमारत नवी, फरशी चकचकीत, पण खाली हॉलमध्ये गर्दी जुनीच. डब्यांची पिशवी, पाण्याची बाटली, सोबत आलेली तीन माणसं, कडेवर लेकरू. डॉक्टर सरांना म्हणाले, "मला ही जत्रा नको आहे. शिस्त पाहिजे." सर मला म्हणाले, "हे तुम्ही एकट्यानं करायचं." मी तीन महिन्यांसाठी नांदेडला खोली घेतली.

त्या हॉलच्या दारापाशी एका टेबलामागं नोंदणीचे काका बसायचे. दवाखाना एका खोलीत होता तेव्हापासूनचे. पांढरा पायजमा, कपाळावर विभूतीचे पट्टे, कानाला दोऱ्यानं बांधलेला चष्मा. त्यांच्याकडं एक लांबट वही. पेशंट समोर आला की ते नाव विचारायचे नाहीत, काय होतंय तेही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच. "कोण्या गावचे?" गाव वहीत लिहायचे, त्यापुढं नाव, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक काहीतरी. मग म्हणायचे, "बसा तिकडं, बोलवतो."

मी दोन आठवडे त्या हॉलमध्ये घड्याळ घेऊन बसले. कोण कधी आलं, कोण कधी आत गेलं, सगळं लिहून काढलं. चार दिवसांतच माझ्या लक्षात आलं की इथं नंबरच नाही. नऊला आलेली बाई एकला आत जाते आणि साडेअकराला आलेला म्हातारा बाराला. मोटरसायकलवर येणारे शहरातले लोक खोळंबतात, आणि धोतरवाले मागून येऊन पुढं जातात. मी मनात म्हटलं, सापडलं. हा वशिला. काकांचे गाववाले, पाव्हणेरावळे.

तरी एकदा विचारलं. सरांनी सांगितलं होतं, समोरच्याला बाजू मांडायची संधी द्यावी, रिपोर्टात बरं दिसतं.

"काका, हे दोघं आत्ता आले. त्या बाई नऊपासून बसल्यात. ह्यांना आधी कसं सोडलंत?"

"जायचं हाय त्यांना."

"जायचं तर सगळ्यांनाच आहे."

काकांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही कोण्या गावच्या, मॅडम?"

"लातूर."

"हां," ते म्हणाले आणि वहीत डोकं घातलं.

मला राग आला. वाटलं, म्हातारा मला पेशंट समजतो की काय. त्या "हां"मध्ये त्यांनी मला किती अचूक ओळखलं होतं ते कळायला पुढं वर्ष जावं लागलं. काकांनाही चार शब्द जास्त बोलता आले असते. पण त्यांच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. याच मुलखातली शिकलेली पोरगी, हिला एवढं कळत नसेल असं त्यांच्या डोक्यात आलं नसणार.

मी रिपोर्ट लिहिला. नोंदणीचा क्रम मनमानी आहे. वहीत नावाआधी गाव लिहिलं जातं, ही रचना सदोष आहे. पेन्सिलीच्या खुणांचा अर्थ लेखी कुठंच नाही. उपाय म्हणून टोकन मशीन. दारातून आत आलं की बटण दाबायचं, चिठ्ठी निघते, भिंतीवरच्या पडद्यावर नंबर येतो. जो आधी आला तो आधी. तीन वेळा पुकारून उठला नाही तर पुढचा. यात अन्यायाला जागाच नाही, असं मी लिहिलं होतं आणि मनापासून लिहिलं होतं.

चिठ्ठीवर नंबराखाली एक ओळ छापायची होती. मशीनच्या कंपनीच्या माणसानं पाठवलेली ओळ मला रूक्ष वाटली. मी स्वतः लिहिली. "आपला क्रमांक नक्की येईल. कृपया शांतपणे वाट पाहा." डॉक्टरांना फार आवडली.

मशीन बसलं त्या दिवशी डॉक्टरांनी नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू लावलं. मामांना मी फोटो पाठवला. मामांच्या मोबाइलवर तो नीट उघडला नाही म्हणे, तर ते शाळेतल्या मास्तरांकडं जाऊन बघून आले.

काकांना काढा असं मी कुठं म्हटलं नव्हतं. मी "अन्य जबाबदारी" असं लिहिलं होतं. अन्य जबाबदारी म्हणजे चपलांचा स्टँड. काका तिथं बसले. तिथंही येणाऱ्याला त्यांच्या तोंडून निघायचंच, "कोण्या गावचे?" आणि मग ते गप्प व्हायचे. कारण आता ते कळून करायचं काय? महिनाभरानं ते यायचे बंद झाले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या समोरून जाताना माझी मान उगीच खाली जायची.

हॉल शांत झाला. खरंच झाला. लोक चिठ्ठी हातात धरून पडद्याकडं तोंड करून बसायला लागले. सकाळी आठलाच शहरातली माणसं गाडी दारात लावून नंबर घेऊन जायची आणि आपल्या वेळेला परत यायची. खेड्यातली माणसं साडेदहा-अकराला पोचायची. त्यांचा नंबर पन्नासच्या पुढं.

मशीन रोजचा अहवाल काढायचं. त्यात एक रकाना होता, गैरहजर. म्हणजे नंबर पुकारला आणि उठलं कुणी नाही. पहिल्या महिन्यात तो रकाना वाढला, दुसऱ्या महिन्यात आणखी वाढला. गैरहजर नंबर बहुतेक पन्नासच्या पुढचे आणि वेळ बहुतेक दुपारी तीननंतरची. हे माझ्यासमोर लिहिलेलं होतं. लेखी होतं. मी त्याचा रंगीत आलेख केला आणि खाली लिहिलं, "ग्रामीण रुग्णांमध्ये प्रतीक्षेची शिस्त कमी आढळते." सरांनी वाचून "वा" म्हटलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे. विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

त्या कामावर आम्हाला लातूरमधले आणखी दोन दवाखाने मिळाले. मी लातूरला परतले. बाजारातून तयार कोट घेतला, दोन्ही खांदे सारखे. मामांचा कोट कपाटात टांगला.

मामांकडं जाणं कमी झालं होतं. मामीला लकवा झाल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती. मामाच सगळं करायचे. सकाळी मामीचं आवरून, भाकरी टाकून, मग मशीनवर बसायचे. दोन्ही पोरं हैदराबादला, आपापल्या संसारात. मी फोन केला की मामांचा एकच प्रश्न, "आता कोण्या डॉक्टरला शिकवायलीस?" आणि हसायचे. त्या वर्षी ते हसताना मधेच थांबायला लागले होते. आवाज बसल्यासारखा वाटायचा. मी म्हणायचे, "दाखवा कुणाला तरी." ते म्हणायचे, "दाखवतो की." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही.

एक दिवस मामांच्या शेजारणीचा फोन आला. "तुमच्या मामाला भाकर उतरंना झालीय. दुधात कुस्करून खायलेत, ते बी अर्धं राहायलंय. सांगू नका म्हणलेत, पण मला बघवंना."

मी दुसऱ्या दिवशी गेले. मामा दारात उभे होते आणि मी आधी त्यांना ओळखलंच नाही. सदरा खांद्यावरून घसरत होता. दुसऱ्याच्या अंगावर बेतानं कपडा बसवणारा माणूस, आणि स्वतःचा सदरा असा लोंबत होता. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. मामी खाटेवरून माझ्याकडं बघून काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. मामांना कळलं. ते म्हणाले, "ती म्हणायलीय, चहा कर."

मी मामांना लातूरला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. अन्ननलिका, म्हणाले. पसरलाय. मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढे दिवस काय केलंत? सात-आठ महिने आधी आला असता तर काहीतरी करता आलं असतं." मी म्हटलं, "ते खेड्यात असतात, दाखवायचा आळस करतात." हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं.

परत गावी सोडायला गेले तेव्हा मी मामांवर तोंड टाकलं. रडूही येत होतं आणि रागही. "मी शंभर वेळा सांगितलं होतं. दाखवायला काय झालं होतं? नांदेडला एवढे मोठे डॉक्टर, माझ्या ओळखीचे. एकदा जाता येत नव्हतं?"

मामा खाटेच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "गेलतो की."

"कधी?"

"तीनदा गेलतो."

ते उठले. शिलाईच्या खडूचा आणि सुयांचा त्यांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यातून त्यांनी तीन चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. चौसष्ट. अठ्ठावन्न. एकाहत्तर. शाई पुसट झाली होती, पण खालची ओळ वाचता येत होती. आपला क्रमांक नक्की येईल.

"सकाळच्या पैल्या गाडीनं निघायचो," मामा सांगत होते, अगदी साधं, जसं कुणी लग्नाला जाऊन आल्याचं सांगावं. "तरी तिथं पोचुस्तोवर अकरा. बसायचो. हॉल लई झ्याक हाय. कुणाचा गलका न्हाई. पण तीन वाजले की निघावं लागायचं. साडेतीनच्या गाडीनं नायगावला आलं तर आत यायला शेवटची जीप घावती. ती चुकली की मग तिथंच. अन हिला रातभर एकटी कसं ठेवू? एकदा सत्तावनपर्यंत आलता नंबर. माझा अठ्ठावन. थांबावं म्हणलं, पण आतला पेशंट निघंचना. मग आलो."

मला तेव्हा काकांची वही दिसली. गाव आधी, नाव नंतर, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं बारीक काहीतरी. ते गाडीचं टायमिंग होतं. मुखेडच्या आतलं गाव, दोनची गाडी. किनवटकडचं, दीडची. जायचं हाय त्यांना. आणि मी लातूरची, मला कुठली शेवटची गाडी गाठायची होती? अख्ख्या पाच तालुक्यांचं वेळापत्रक त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं आणि तो रोज सकाळी त्याप्रमाणं माणसं लावायचा. मामा त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले असते तर काकांनी विचारलं असतं, कोण्या गावचे? आणि दोनच्या आत त्यांना आत सोडलं असतं. पहिल्याच खेपेला.

"मला फोन का नाही केलात?" मी विचारलं. "मामा, एक फोन. मी डॉक्टरांना सांगितलं असतं, पाच मिनिटांत घेतलं असतं तुम्हाला."

"आलतं मनात," मामा म्हणाले. "पण म्हणलं, तू मला मधी घातलं असतंस तर तिथं बसलेले लोक काय म्हणले असते? साहेबीणबाईचा मामा आला अन घुसला. मग तुझ्या मशिनीची काय इज्जत राहिली असती?"

मामींनी तोंड भिंतीकडं केलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी नांदेडला गेले. त्या हॉलमध्ये तीन वाजेपर्यंत बसले. तीन वाजायच्या सुमाराला माणसं उठायला लागली, एकेक करून, पिशव्या सावरत. कुणी भांडलं नाही, कुणी टेबलाशी जाऊन विचारलं नाही. चिठ्ठी घडी करून खिशात घालायची आणि चपला शोधायच्या. मागून पडद्यावर त्यांचे नंबर तीन-तीनदा येत होते.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. मामांचंही सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले, "मॅडम, आता परत वही आणायची? लोक पुन्हा भांडतील, हा आधी कसा आणि तो आधी कसा. तुम्हीच तर समजावलं होतं मला." काकांचा पत्ता विचारला तर कुणाकडं नव्हता. पोराकडं गेले म्हणे, कुठल्या गावी ते माहीत नाही. सगळ्या जिल्ह्याला गाव विचारणाऱ्या माणसाचं गाव त्या दवाखान्यात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

सरांसमोर मी नवीन टिपण ठेवलं, गावानुसार वेळ देण्याचं. सरांनी वाचलं. "त्यांनी मागितलंय का?" विचारलं. नाही म्हटलं. "मग?" ते म्हणाले आणि कागद माझ्याकडं सरकवला. त्यांचंही बरोबर होतं. मीच त्यांची चांगली विद्यार्थिनी होते. मी नोकरी सोडली नाही. सोडून काय झालं असतं ते मला अजून सांगता येत नाही. आमच्या माहितीपत्रकात ते काम अजून पहिल्या क्रमांकावर आहे, आणि नवी गिऱ्हाइकं तेच बघून येतात.

मामा त्यानंतर चार महिने होते. मी दर रविवारी जायचे. शेवटी पाणीही जात नव्हतं, ओठ ओल्या फडक्यानं पुसावे लागायचे. एका दुपारी मी त्यांनी शिवलेला कोट घालून गेले. त्यांनी हातानं खूण करून मला जवळ वाकायला लावलं, डावा खांदा चिमटीत धरला आणि खाली ओढून बघितला. तो बसला नाही. त्यांनी हात सोडला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, इतक्या हळू की मला कान तोंडाशी न्यावा लागला.

"तुझी मशीन चालू हाय का गं अजून?"

"हाव, मामा," मी म्हटलं. "चालू हाय."

"चांगलं झालं," ते म्हणाले.